छोट्या गाडीची दुखणी आणि आपला घरखर्च

मैत्रिणींनो, घरात मिक्सर बिघडला की आपण लगेच ओळखतो, की जार घट्ट बसला नाही, की कपलर झिजलाय, की मोटारच जळाली. कुकरची शिट्टी होत नसली तर रिंग बदलायची का वजन साफ करायचं, हेही कुणी सांगावं लागत नाही. मग दारात उभी असलेली छोटी गाडी कुरकुरायला लागली की आपण एकदम परक्या का होतो? "ते ह्यांनाच ठाऊक" किंवा "गॅरेजवाला बघेल" असं म्हणून मोकळ्या होतो, आणि महिन्याच्या पंधरा तारखेला आठ-दहा हजारांचं बिल समोर आलं की डबेडुबे धुंडाळत बसतो.

खरं सांगू? प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. अनेक घरांत गाडीचं मोठं बिल आलं की पहिलं वाक्य असतं, "तू चालवतेस ना, म्हणून क्लच गेला." आणि दुसरं, "आता काही दिवस रिक्षानंच जा." मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, आपली अर्ध्या दिवसाची नोकरी, ही सगळी गाडी हातात असल्यामुळे जमलेली घडी एका बिलापायी विस्कटते. म्हणून गाडीची दुखणी आपल्यालाही कळायला हवीत. त्यासाठी पाना हातात घ्यायला नको. कान, नाक आणि एक वही एवढं पुरे.

आपल्याकडे छोट्या गाडीचं युग सुरू झालं ते १९८३ च्या डिसेंबरात, मारुती ८०० आली तेव्हा. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं ते इवलंसं इंजिन. ती गाडी जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली, पण तिची भावंडं अल्टो, वॅगन आर, सँट्रो, आपल्या पिंपरीची इंडिका अशी घरोघर पोचली. यातल्या काही आता कारखान्यातून येत नाहीत, तरी रस्त्यावर आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात भरपूर दिसतात. या सगळ्यांची दुखणी साधारण सारखीच. खाली दिलेले दर लहान पेट्रोल गाडीचे, मजुरीसह आणि ढोबळ आहेत. पुण्या-मुंबईत थोडे चढे, कोल्हापूर-सांगलीकडे थोडे उतरते, एवढं धरून चाला.

ताप आला तर

गाडीचा रेडिएटर म्हणजे आपला प्रेशर कुकरच समजा. आत पाणी आणि कूलंट, वर दाब धरून ठेवणारं झाकण, आणि झाकणाला रबरी रिंग. ती रिंग सैल झाली की दाब राहत नाही, पाणी बाहेर पडतं आणि इंजिन तापतं. हे झाकण दोन-तीनशे रुपयांत मिळतं!

गाडी तापण्याची इतर कारणंही बहुधा साधीच असतात. होज पाइप चिरलेला, पंख्याचा फ्यूज किंवा रिले गेलेला, थर्मोस्टॅट अडकलेला. ही कामं पाचशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत होतात. रेडिएटरच गळत असेल तर नवा बसवायला तीन ते पाच हजार. पण तापलेली गाडी "घर जवळच आहे" म्हणून तशीच दामटली, तर हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि बिल दहा-पंधरा हजारांवर जातं. काट्याचा नायटा होतो तो असा.

म्हणून काटा वर चढला किंवा तापमानाचा लाल दिवा लागला की एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. उकळत्या कुकरचं झाकण कुणी उघडतं का? निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, वरच्या पाइपला हात लावून तो गार झालाय ना पाहा, मगच जाड फडक्यानं झाकण फिरवा. तापल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

आमच्या शेजारच्या वहिनींची गाडी दोनदा तापली. एका गॅरेजात सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल, चौदा हजार द्या. वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "तेल दुधाळ झालंय का?" गॅस्केट गेलं की पाणी तेलात मिसळू शकतं आणि तेल मोजायच्या पट्टीवर दुधाच्या कॉफीसारखा रंग दिसतो, किंवा सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर सतत येत राहतो. दोन्ही नव्हतं. ही लक्षणं नसली म्हणजे गॅस्केट नक्की चांगलं असं नाही, पण इंजिन खोलण्याआधी बाकीचं तपासायला हवं एवढं खरं. दुसऱ्या फिटरनं पाहिलं तर पंखाच फिरत नव्हता. रिले बदलला, साडेचारशे रुपयांत काम झालं.

यातून नियम एकच घ्यायचा: तपासणी स्वस्तापासून सुरू करा आणि महागाकडे जा. हा नियम गाडीच्या प्रत्येक दुखण्याला लागू पडतो.

क्लच

शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की पाय चालतो पण चाक फिरत नाही, आठवतं? क्लच प्लेट झिजली की तसंच होतं. इंजिन ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही. चढावर जळका वास येतो. ही लक्षणं असतील तर प्लेट गेली असं समजा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच मजुरी धरून पाच ते आठ हजारांत बसतो. तिन्ही एकदमच बदला. नुसती प्लेट बदलली आणि सहा महिन्यांत बेअरिंग वाजलं, तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी पुन्हा आपल्याच माथी.

पण पेडल नुसतंच जड झालं असेल, तर आधी क्लचची केबल पाहायला सांगा. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती असते आणि पाचशे-आठशे रुपयांत बदलते. पेडल जड म्हणजे लगेच प्लेट गेली असं नव्हे.

आणि "बायका चालवतात म्हणून क्लच जातो" हे साफ खोटं. क्लच जातो तो डावा पाय सतत पेडलवर ठेवल्यानं आणि चढावर हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरल्यानं. ही सवय बाईची असेल किंवा बुवाची, प्लेटला काय कळतंय? नीट चालवलेली प्लेट साठ-सत्तर हजार किलोमीटर आरामात जाते.

ब्रेक: इथे काटकसर नाही

साडीवर, सोफ्यावर काटकसर करा. ब्रेकवर नको.

पुढच्या चाकांना बहुतेक डिस्क असते आणि तिला पॅड. मागच्या चाकांना ड्रम आणि आत शू. पॅड झिजले की ब्रेक दाबताना "चीं चीं" आवाज येतो. पुढे "खर्र खर्र" यायला लागलं म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय. पॅडची जोडी हजार ते अठराशेत बदलते. खरखर ऐकूनही गाडी चालवत राहिलात तर डिस्कही जाते आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो. मागचे शू बाराशे ते दोन हजारांत.

ब्रेकचं तेल हे पावसाळ्यातल्या मिठासारखं असतं, हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. सहाशे-आठशेचं काम, पण कुणी करत नाही. मग अंबा घाट किंवा खंबाटकी उतरताना ब्रेक तापतात, ओल धरलेल्या तेलात वाफ होते आणि पेडल मऊ लागतं. घाट उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवायचा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवायची हौस कुणाला असेल तर त्यांना खाली उतरवा आणि स्टिअरिंग तुम्ही घ्या!

आवाजांची बाराखडी

खड्ड्यांतून जाताना पुढून "खट् खट्" येत असेल तर लिंक रॉड, बुश, लोअर आर्म किंवा बॉल जॉइंट यांपैकी काहीतरी सैल झालंय. एकेक भाग पाचशे ते दोन हजारांत होतो. बॉल जॉइंटची मात्र टाळाटाळ नको, तो निखळला तर चाकच वाकडं होतं. शॉकअॅब्सॉर्बरची पुढची जोडी चार ते सहा हजार.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना "कट् कट् कट्" आलं तर अॅक्सलचा सांधा. त्यावर एक रबरी टोपण असतं. ते फाटलं की ग्रीस बाहेर, माती आत. टोपण वेळेवर बदललं तर सात-आठशे, नाहीतर सांध्यासकट तीन-चार हजार.

किल्ली फिरवल्यावर नुसतं "टक् टक्" झालं तर बहुधा बॅटरी. साधारण तीन ते पाच वर्षं तिचं आयुष्य. नवी साडेतीन ते पाच हजारांत, आणि जुनी परत दिली की त्यातून काही रक्कम वजा होते. पण आधी तिचे टर्मिनल पाहा. पांढरं-हिरवं साचलं असेल तर काळी म्हणजे निगेटिव्ह तार आधी सोडवायला सांगा आणि कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ते पुसून घ्या. कधीकधी एवढ्यानंच गाडी सुरू होते.

सकाळी गाडी सुरू करताना "चर्रर्र" असा पट्ट्याचा आवाज आला तर बाहेरचा बेल्ट, सात-आठशे रुपये. आत मात्र आणखी एक पट्टा असतो, टायमिंग बेल्ट. तो आवाज न करता तुटतो आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. जुन्या ८०० सीसी अल्टोत हा पट्टा आहे, पुढच्या के सिरीज इंजिनांत त्याऐवजी साखळी आहे. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हा पट्टा शेवटचा कधी बदलला ते पहिल्या दिवशी विचारा. उत्तर मिळालं नाही तर बदलूनच टाका. अडीच-तीन हजारांत भर रस्त्यातली फजिती टळते.

दिवे काय सांगतात

डॅशबोर्डवरचा लाल दिवा म्हणजे "थांब", पिवळा म्हणजे "लवकर दाखव". तेलाच्या चंबूचं लाल चित्र चालत्या गाडीत लागलं तर पुढच्या चौकापर्यंतसुद्धा जायचं नाही. तेलाविना इंजिन म्हणजे तेलाविना तापलेला तवा. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तर तीनशे-पाचशे रुपयांत स्कॅनर लावून कारण कळतं. "सेन्सर गेलाय" असं नुसत्या अंदाजानं कुणी म्हणालं तर आधी स्कॅनर लावायला सांगा.

पावसाळा आणि उंदीरमामा

आपल्याकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कोल्हापूर-सांगलीच्या कितीतरी गाड्या पाण्यात घातल्या. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवायची नाही. बंद इंजिन ढकलून बाहेर काढता येतं. पण सुरू करायला गेलं आणि सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलं की आतला दांडाच वाकतो, आणि बिल पन्नास हजारांच्या घरात जाऊ शकतं. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. विम्याचं नूतनीकरण करताना हे विचारून घ्या.

पावसात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात. गाडी आठवडाभर उभी असेल तर दोन दिवसांआड बॉनेट उघडून बघा. आणि गाडीत शेंगदाणे, बिस्किटं सांडलेली ठेवू नका. हे तर आपल्याच हातात आहे, नाही का?

पेट्रोलबद्दलही थोडं. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या हिशेबानं बनलेल्या आहेत. त्याआधीच्या, विशेषतः दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील दरवर्षी तपासून घ्या. अॅव्हरेज थोडं घटलं तर घाबरू नका, पण गाडीत पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा.

गॅरेजमध्ये गेल्यावर

गॅरेजवाले सगळे लबाड नसतात बरं का. आमच्या भागातले एक म्हातारे फिटर काढलेली क्लच प्लेट वर्तमानपत्रावर ठेवून, कुठे किती झिजली ते बोटानं दाखवतात आणि मगच पैशांचं बोलतात. असा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा, दिवाळीला फराळाचं ताट पाठवा! पण बाई एकटी दिसली की "वहिनी, साहेबांना फोन लावता का?" म्हणणारेही भेटतात. तिथे शांतपणे सांगायचं, "गाडी माझ्याकडे असते, मलाच सांगा." आणि मग या पाच गोष्टी करायच्या.

१. "गाडी बरोबर चालत नाही" असं मोघम बोलू नका. आवाज कधी येतो, कुठून येतो, थंड असताना की गरम, हे सांगा. डॉक्टरांना मुलाचा ताप सांगतो तसं.

२. काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज कागदावर घ्या. सुट्या भागाची किंमत वेगळी, मजुरी वेगळी. जास्तीचं काम निघालं तर आधी फोन करायला सांगा.

३. बदललेले जुने भाग परत मागा. मागणार हे आधीच सांगितलं की निम्मी कामं आपोआप कमी होतात.

४. नव्या भागाचं खोकं पाहा. त्यावर छापील किंमत असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर एकसारखा १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा बिलात जुना २८ टक्के लावलेला दिसला तर विचारा.

५. पाच हजारांवरचं काम असेल तर दुसऱ्या गॅरेजात दाखवा. साडी घेताना आपण चार दुकानं फिरतो, मग इथे लाजायचं कशाला?

चौकट: वर्षाचा साधारण हिशेब

ऑइल, फिल्टर बदलून सर्व्हिसिंग (वर्षातून एकदा किंवा १०,००० किलोमीटरला): ३,००० ते ४,५०० रुपये
चाकांचं अलाइनमेंट, बॅलन्सिंग: ६०० ते १,००० रुपये
वायपर, बल्ब, पंक्चर, किरकोळ: १,५०० रुपये
एसीची तपासणी, गॅस: १,२०० ते २,००० रुपये (गॅस दरवर्षी संपत नाही. संपत असेल तर गळती शोधायला सांगा)
टायर-बॅटरीसाठी बाजूला: ४,००० रुपये
अवचित दुखण्यासाठी बाजूला: ५,००० रुपये

एकूण पंधरा ते अठरा हजार. म्हणजे महिन्याला तेराशे ते दीड हजार. दूधवाल्याच्या आणि वीजबिलाच्या शेजारी हाही डबा मांडा. मग बिल आलं तरी घरात वादळ येत नाही.

दुरुस्ती की निरोप?

शेवटी हा प्रश्न येतोच. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला" असं म्हणून शेजारीपाजारी गाडी विकायचा सल्ला देतात. पण हिशेब मांडून पाहा. नवी छोटी गाडी घ्यायला चार लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साडेआठ हजारांच्या आसपास बसतो, म्हणजे वर्षाला लाखभर रुपये. जुन्या गाडीला एका वर्षी पंचवीस हजार लागले, तरी ते तीन हप्त्यांएवढेच झाले. आणि क्लच, टायर, बॅटरी एकदा बदलली की पुढची काही वर्षं तो खर्च नसतो.

गाडीला निरोप द्यायचा तो दोन कारणांनी. एक, खालचा पत्रा आणि सांगाडा गंजला असेल तर. त्यावर वेल्डिंगची ठिगळं लावून मुलांना मागे बसवणं बरं नव्हे. दोन, इंजिन तेल खात असेल, निळा धूर सोडत असेल आणि इंजिन बांधायचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल तर. पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण करही हिशेबात धरा. मोह, माया, "पहिली गाडी आमची" हे सगळं मान्य, पण या दोन गोष्टींपुढे ते चालत नाही.

आता उद्याच एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, विम्याची आणि पीयूसीची तारीख. पुढे प्रत्येक कामाची तारीख, मीटरचा आकडा, काय बदललं, किती पैसे दिले. दर रविवारी पाच मिनिटं द्या: तेलाची पट्टी, कूलंटची बाटली, टायरची हवा (किती भरायची ते चालकाच्या दारावरच्या पट्टीवर छापलेलं असतं), दिवे. वर्षभरानंतर कुणी म्हणालं, "तुझ्यामुळे क्लच गेला," तर काही बोलू नका, वही पुढे करा. मागची प्लेट किती हजार किलोमीटर चालली, ते त्यात तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल.